पुसता येणारी अक्षरे



ज्यांच्या स्मरणार्थ व्याख्यान, त्यांच्या गौरवाने सुरुवात करावी अशी आपल्याकडची रीत आहे. त्यांना जवळून ओळखणाऱ्या दोघांनी ते काम माझ्या आधी केले आहे, आणि माझ्यापेक्षा चांगले केले आहे. तेव्हा मी थेट विषयाला हात घालतो. शाळेच्या पहिल्या वर्षी पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या हाताला काय काम द्यावे, हा तो विषय. गाणी, गोष्टी, मणी ओवणे, बिया मोजणे, चित्रे रंगवणे, अक्षरे गिरवणे अशी यादी कोणत्याही बालवर्गाच्या भिंतीवर वाचायला मिळते, आणि तिच्यात नवे नाव घालण्याची माझी इच्छा नाही. या यादीतला कोणता उपक्रम कामाचा आणि कोणता दिखाऊ, हे ओळखायची एक कसोटी तेवढी मी सुचवणार आहे. मूल चुकले, तर ती चूक दुसऱ्या कोणी पाहण्याआधी त्याला स्वतःच्या हाताने पुसता येते का? येत असेल, तर तो उपक्रम पहिल्या वर्षाचा. येत नसेल, तर त्याला थोडे थांबवावे. या कसोटीने पाहिले तर आपल्या पहिलीच्या वर्गातली सर्वांत संशयास्पद वस्तू वही ठरते, हे आधीच सांगून टाकतो.

यासाठी मी तुम्हाला तमिळनाडूतल्या कुंभकोणमला नेणार आहे. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले हे गाव मराठी माणसाला परके नाही. शेजारच्या तंजावरला भोसल्यांची गादी १८५५ पर्यंत होती आणि त्या परिसरात मराठी घरे आजही आहेत. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमलाच एका मराठी घरात जन्मले. गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे घर याच गावात, शारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावर होते. तमिळ घराच्या दर्शनी ओट्याला ‘तिण्णै’ म्हणतात आणि त्या ओट्यावर भरणारी शाळा म्हणजे ‘तिण्णै पळ्ळिक्कूडम’. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेची ही सख्खी बहीण. रामानुजन यांचे शालेय आयुष्य १ ऑक्टोबर १८९२ रोजी, म्हणजे पाच वर्षेही पुरी झालेली नसताना, अशाच एका ओटीशाळेत सुरू झाले.

या ओटीशाळेत मूल पहिले अक्षर कशावर काढत असे? वाळूवर. जमिनीवर बारीक वाळू पसरायची, गुरुजी किंवा मोठा मुलगा बोट धरून अक्षर काढून दाखवायचा, मूल तोंडाने त्याचा उच्चार करीत ते गिरवायचे, तळहाताने वाळू सारखी करायची आणि पुन्हा गिरवायचे. मराठीत तर हे शब्दांतच शिल्लक राहिले आहे. धूळपाटी गेली, पण नवशिक्याच्या पहिल्या प्रयत्नाला आपण अजून धुळाक्षरे म्हणतो. मद्रासचे गव्हर्नर थॉमस मन्रो यांनी १८२२ साली इलाख्यातल्या देशी शाळांची पाहणी करवली. त्यांच्या १८२६ च्या टिपणात १२,४९८ शाळा आणि सुमारे १ लाख ८८ हजार विद्यार्थी असा आकडा येतो. या पाहणीसाठी बळ्ळारीचे जिल्हाधिकारी कॅम्पबेल यांनी १८२३ साली पाठवलेला अहवाल वाळूतल्या लेखनाची नोंद करतो, त्याच्या स्वस्ताईची प्रशंसा करतो आणि अर्थ न कळता होणाऱ्या पाठांतरावर टीकाही करतो. माझे लक्ष वेधून घेतो तो वेगळाच भाग, लेखनसाहित्याचा क्रम. आधी वाळू, आणि हात बसल्यावर ताडपत्र किंवा पाटीचे काम करणारे, पुसता येणारे कडत. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने अक्षर कोरावे लागते. ते पुसता येत नाही, ओरखडा कायमचा राहतो. म्हणजे ज्या समाजाकडे न पुसता येणारे साधन हाताशी होते, त्याने ते लहान मुलाच्या हाती देणे मुद्दाम लांबवले. ताडाची पाने कावेरीच्या खोऱ्यात काही दुर्मीळ नव्हती, म्हणून हा सगळा काटकसरीचाच मामला होता असे मला वाटत नाही.

यापूर्वी दोनशे वर्षे एका परक्या प्रवाशाने हे दृश्य जवळून पाहिले होते. इटलीचा पिएत्रो देल्ला वाल्ले १६२३ साली आजच्या कर्नाटकातल्या इक्केरीच्या वाटेवर होता. एका देवळाच्या ओसरीवर चार मुले अंकगणित शिकताना त्याला दिसली. ती एका सुरात म्हणत होती, म्हणता म्हणता बारीक वाळूवर बोटाने लिहीत होती, आणि जागा भरली की पुसून नवी वाळू पसरत होती. चुकले तर दुरुस्त कोण करतो, असे त्याने विचारले. त्यावर आम्ही एकमेकांना शिकवतो, असे त्यांचे उत्तर होते. या प्रसंगात लिहिणारे, चूक शोधणारे आणि पुसणारे हात एकच आहेत. तिथे शिकवणारे मोठे माणूस नाही, आणि वाळू सारखी करण्याचे कामही मुलांच्याच हाती आहे.

हाच तपशील पुढे इंग्लंडला गेला आणि वाटेत त्याचा प्राण हरवला. मद्रासमधल्या एग्मोर इथल्या अनाथाश्रमाचे अधीक्षक अँड्र्यू बेल यांनी १७८९ नंतर देशी शाळेतली वाळू आणि मोठ्या मुलाने लहान मुलाला शिकवण्याची पद्धत उचलली, आणि १७९७ साली लंडनमध्ये त्यावर पुस्तक काढले. त्याच सुमारास जोसेफ लँकेस्टरने अशीच वाळू गरिबांच्या शाळांत नेली. शेकडो मुलांच्या दालनात वाळूने भरलेली लांब मेजे आली. हुकूम झाला की सर्वांनी एकदम अक्षर काढायचे, नायक विद्यार्थ्याने तपासायचे, आणि त्यानेच सपाटीचे अवजार फिरवून सगळ्यांची वाळू एकदम सारखी करायची. साधन तेच, पण पुसणारा बदलला आणि खेळाची कवायत झाली. म्हणून वाळू आणली की काम झाले, असे माझे म्हणणे कोणी समजू नये. हल्ली बाजारात बालवर्गासाठी रंगीत वाळूचे सुबक तबक मिळते. बाई त्यात अक्षर काढायला सांगणार, फोटो काढणार आणि पालकांच्या गटावर पाठवणार असतील, तर ते तबक लँकेस्टरच्या मेजापेक्षा फारसे वेगळे नाही. फोटो काढला की पुसलेले अक्षरही वहीत गेल्यासारखेच.

कुंभकोणमच्या मुलाला पुसता येणाऱ्या रेषेची ओळख शाळेआधीच होते. तिथल्या घरासमोर पहाटे सडा घालून तांदळाच्या पिठाचे कोलम काढतात. आधी ठिपक्यांच्या रांगा, मग त्यांच्याभोवती वळणारी रेषा. आपली ठिपक्यांची रांगोळी हीच. दुपारपर्यंत पायांखाली आणि मुंग्यांच्या तोंडी ते संपते, दुसऱ्या दिवशी नवे निघते. कोलम चुकले म्हणून कोणाला शेरा मिळत नाही. पिठावरून हात फिरवायचा आणि पुन्हा सुरुवात करायची. यात किती गणित आहे हे मद्रास ख्रिश्चन कॉलेजातल्या गिफ्ट आणि राणी सिरोमनी या दांपत्याने दाखवून दिले. १९७४ साली त्यांनी कमला कृतिवासन यांच्यासह कोलमच्या रचनांचे औपचारिक व्याकरण मांडले आणि संगणकशास्त्राच्या एका शाखेला त्यातून उदाहरणे मिळाली. पाच वर्षांच्या मुलीला ते व्याकरण कळण्याची गरज नाही. पण पाच ठिपके, मग चार, मग तीन अशी उतरती रांग मांडताना ती मोजते, आणि रेषा जिथून निघाली तिथे परत आणताना डोळा व मनगट यांचा मेळ घालते. लेखनपूर्व तयारी म्हणून आपण छापील पुस्तिकांत जे तुटक रेषांचे पान देतो, त्यापेक्षा हे कितीतरी श्रीमंत आहे. छापील पानावर रेषेबाहेर गेलेली पेन्सिल मात्र कायमची रेषेबाहेर राहते.

आता लिपीकडे वळू. तमिळमध्ये स्वर, व्यंजने आणि त्यांच्या जोडण्या मिळून २४७ अक्षरे मोजतात. वर्णमालेत पहिले येणारे ‘अ’ हाताला अवघड आहे. त्यात वेटोळे, वळण आणि उभी रेषा सगळे एकदम येते. उलट ‘ट’ आणि ‘प’ केवळ सरळ रेषांचे. वर्णमालेच्या क्रमाने जाणाऱ्या शाळेत मूल पहिल्याच आठवड्यात सर्वांत कठीण आकारापाशी अडते, आणि ते वहीत अडले तर पानभर वेडेवाकडे ‘अ’ वर्षभर त्याच्याकडे बघत राहतात. मराठीत यावर ‘ग म भ न’ हा तोडगा निघाला. आकाराने जवळची, वळणाने सोपी अक्षरे आधी. त्या चार अक्षरांचे श्रेय आपण फारसे देत नाही, ही आपली जुनी खोड. माँटेसोरींची खरखरीत कागदाची अक्षरे बोटाने गिरवायची होती, त्यांतही चुकीची खूण मागे राहत नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापला. पुढे १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ नंतर कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी परदेशी साधनांच्या जागी पाने, शिंपले, बिया, खडे आणले. त्याचे कारण सहसा स्वस्ताई असे सांगितले जाते. खड्यांची मांडणी मोडून पुन्हा मांडता येते, हे कारण मला त्याच्या तोलाचे वाटते.

माझ्यावर पहिला आक्षेप असा येईल की मी ओटीशाळेचे सोवळे चित्र काढतो आहे. आक्षेप रास्त आहे. मन्रोंच्या आकड्यांत मुली नावापुरत्या आहेत. धर्मपाल यांनी १९८३ साली याच कागदपत्रांवरून दाखवले की तमिळ जिल्ह्यांतल्या शाळांत शूद्र गणलेल्या जातींची मुले मोठ्या संख्येने होती. हे खरे, तरी दलित मुलांना बहुतेक ओट्यांवर जागा नव्हती. पंतोजींची छडी आणि घोडी आपल्याला ठाऊक आहे, तमिळ गुरुजींच्या शिक्षाही काही सौम्य नव्हत्या. ज्या शाळेत वाळूवरची चूक क्षणात पुसली जात होती, तिथेच पाठांतरातल्या चुकीला वळ उठत होते. मी ओटीशाळा परत आणा असे म्हणत नाही. तिच्यातली एकच गोष्ट मी उचलतो आणि तिचे बाकीचे ओझे तिथेच ठेवतो. इंग्रजांनी वाळू काढून घेतली आणि छडी ठेवली. दोन्हींत आपल्याला निवड करता येते.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे, आणि तो कुंभकोणमच्याच सर्वांत थोर विद्यार्थ्याच्या आयुष्यातून येतो. कागद महाग म्हणून रामानुजन पाटीवर गणित करीत, कोपराने पुसत, आणि निष्कर्ष तेवढा वहीत उतरवीत. परिणाम असा झाला की त्यांच्या वह्यांत हजारो निष्कर्ष आहेत आणि सिद्धता जवळजवळ नाहीत. त्या भरून काढायला ब्रूस बर्न्ट यांना १९८५ ते १९९८ या काळात पाच खंड लिहावे लागले. पुसण्याची ही किंमत नव्हे काय? आहे. वाढत्या वयात विचाराची वाट कागदावर उरली पाहिजे, यात मला शंका नाही. पण तिशीच्या आतल्या प्रतिभावंताच्या सिद्धतेची गरज पाच वर्षांच्या मुलाच्या ‘ट’ला लावता येत नाही. मुलाच्या ‘ट’ला सिद्धता नसते, सराव असतो. त्या सरावाची नोंद ठेवायचीच तर ती शिक्षकाच्या नजरेत आणि त्याच्या टिपणवहीत असावी. शिवाय रामानुजन यांच्या शाळेची दुसरी एक नोंद लोक विसरतात. लहानपणी त्यांना काही काळ मद्रासच्या शाळेत घातले, तेव्हा ते जायलाच तयार नव्हते आणि घरच्यांनी त्यांना शाळेत पोचवायला एका शिपायाची मदत घेतली होती. सहा महिन्यांत ते कुंभकोणमला परतले. कंगयन प्राथमिक शाळेतून १८९७ च्या परीक्षेत ते जिल्ह्यात पहिले आले. मुलाला शाळा नकोशी होणे आणि मुलाची बुद्धी कमी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढाच अर्थ मी यातून काढतो.

तिसरा आक्षेप पालकांचा, आणि तो मी सर्वांत गंभीरपणे घेतो. दिवसभर राबणाऱ्या आईला शाळेत काय चालते हे कळायचे साधन वही हेच असते. फी भरल्याची पावती मिळते, तशी शिकवल्याची पावती म्हणजे वहीतले भरलेले पान आणि लाल शाईची सही. ती काढून घेतली तर शाळेला जाब कशावर विचारायचा? तमिळनाडूत हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. २००३ साली चेन्नई महापालिकेच्या १३ शाळांत एम. पी. विजयकुमार या सनदी अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने कृतीवर आधारलेले शिक्षण सुरू झाले. त्याचे मूळ आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या प्रयोगात होते. २००७-०८ पर्यंत ते राज्यभरच्या सरकारी प्राथमिक वर्गांत पोचले. पाठ्यपुस्तकाच्या जागी कार्डे आणि शिक्षणाची शिडी आली, मुले चटयांवर गटाने बसू लागली. माझ्या कसोटीला उतरणारी गोष्ट मात्र भिंतीवर होती. वर्गाच्या भिंतींना खाली, मुलाच्या उंचीला फळा रंगवला आणि प्रत्येक मुलाला त्यावर आपली जागा मिळाली. खडूने लिहायचे आणि आपणच पुसायचे. या पद्धतीवर टीका झाली. शिडीच यांत्रिक झाली, कार्डे फाटली, घरी दाखवायला काही उरत नाही म्हणून पालक कुरकुरले. यातल्या यांत्रिकपणाच्या टीकेशी मी सहमत आहे. कुरकुरीला मात्र वेगळे उत्तर हवे होते. मुलाने घरी जाऊन गोष्ट सांगावी, गाणे म्हणावे, चिंचोके मोजून दाखवावेत आणि महिन्यातून एकदा आईने वर्गात बसून पाहावे, ही पावती वहीपेक्षा बनावट करायला अवघड आहे. गृहपाठाच्या बाबतीत मद्रास उच्च न्यायालयाने २०१८ साली पहिली-दुसरीच्या मुलांना तो देऊ नये असा आदेश दिला. पण आदेशाने दप्तर हलके होते, पालकाची भीती हलकी होत नाही.

करोनानंतर जून २०२२ मध्ये तमिळनाडूने पहिली ते तिसरीसाठी ‘एण्णुम एळुत्तुम’ म्हणजे अंक आणि अक्षर ही योजना आणली. गाणे, गोष्ट, नाटुकले यांना तिच्यात मानाचे स्थान आहे आणि मुलाच्या इयत्तेपेक्षा त्याची पातळी पाहण्याचा विचार आहे. अरुंबु, मोट्टु, मलर ही पातळ्यांची नावे कळीपासून फुलापर्यंत जाणारी, मोठी गोड आहेत. हेतू उत्तम आहे. तरी प्रत्येक पातळीला सरावपुस्तिका आली, आणि पुस्तिका आली की ती भरलेली आहे का हे पाहणारा अधिकारीही येतोच. भिंतीवरच्या फळ्याची जागा ती कधी खाऊन टाकील हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. महाराष्ट्रातही वेगळे घडत नाही.

लवकर सुरुवात केली नाही तर मूल मागे पडेल, या भीतीला मी दोनच वाक्ये देतो. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक मुलगा १८७५ साली बाराव्या वर्षी बडोद्याला दत्तक गेला तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. त्याच्या शिक्षणाची व्यवस्था कुंभकोणमच्या माधवरावांच्या दिवाणगिरीत झाली, आणि त्याच सयाजीरावांनी १९०६ साली बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. राजपुत्राचे उदाहरण सर्वांना लागू होत नाही, हे मान्य. पण ऑगस्टमध्ये ‘ट’ वाकडा आला म्हणून मुलाचे पुढचे आयुष्य वाकडे होत नाही, एवढे ते सांगते.

कुंभकोणमचे नाव घेतल्यावर १६ जुलै २००४ टाळता येणार नाही. त्या दिवशी काशीरामन रस्त्यावरच्या शाळेत दुपारच्या जेवणाच्या स्वयंपाकघरातून आग लागली, शाकारलेल्या छपरामुळे भडकली आणि ९४ मुले गेली. ती प्राथमिक वर्गांतली होती. उपक्रमांच्या व्याख्यानात हे कशासाठी, असे वाटेल. कारण नोंदीचा प्रश्न तिथे उलटा होतो. छप्पर कशाचे आहे, जिना किती रुंद आहे, एका खोलीत किती मुले कोंबली आहेत, या मोठ्यांच्या चुका. त्यांची न पुसता येणारी नोंद असायला हवी होती. सर्वोच्च न्यायालयाला १३ एप्रिल २००९ च्या निकालात देशभरच्या शाळांना अग्निसुरक्षेचे नियम घालून द्यावे लागले. आपण पाच वर्षांच्या मुलाच्या प्रत्येक चुकलेल्या अक्षरावर तारीख घालतो, आणि इमारतीच्या तपासणीचे कागद मात्र मागावे लागतात. जागा, हवा आणि मोजकी मुले यांशिवाय माझ्या कसोटीला उतरणारा एकही उपक्रम चालत नाही. चाळीस मुलांच्या खोलीत वाळू पसरायला जमीनच उरत नाही.

शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, आणि तुमच्यापैकी कोणी ना कोणी अशा समितीवर असणारच. जून उजाडायच्या आत दोन गोष्टी तिच्यापुढे मांडा. पहिलीच्या वर्गाला दिवाळीपर्यंत वही नको आणि त्या वर्गाच्या भिंतीला मुलाच्या उंचीवर फळा रंगवून हवा, हा पहिला ठराव. त्याच बैठकीत इमारतीच्या अग्निसुरक्षा तपासणीचा कागद मागून घ्या, आणि तो समितीच्या इतिवृत्तात नोंदवा, शाईने.